कार्डावरचं नाव, कचऱ्याची पिशवी आणि २८ तास

प्रश्न : सप्टेंबरअखेरीस मी जपानात सेंदाईला आले. दोन वर्षांचा मास्टर्स आहे, वर्ग इंग्रजीतून चालतात. जपानी जेमतेम एन-५ या सगळ्यात खालच्या पातळीपुरतं येतं. सहा आठवडे झाले आणि सगळं एकदमच अंगावर आलंय. बँकेने ‘नाव जुळत नाही’ म्हणून खातं उघडलं नाही, आणि मोबाइलवाले बँक खातं मागतात. पेन्शनचा महिन्याचा हप्ता भरा म्हणून पाकीट आलंय. टाकलेला कचरा चिठ्ठी लागून तिथेच राहिला. मी शाकाहारी आहे, महिनाभर भात, दही आणि केळी यांवर काढलाय. आई डाळ-तांदळाचं पार्सल पाठवते म्हणतेय. इथला एक ओळखीचा दादा म्हणतो, तासांची मर्यादा कोणी मोजत नाही, माझं दुसरं काम तुझ्या नावावर घे. फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे, घरी यायचंय. सुरुवात कुठून करू? (आडनाव काळे. ते छापलंत तरी चालेल, कारण निम्मा घोळ त्याचाच आहे.)

उत्तर : सुरुवात आडनावापासूनच कर. बाकीच्या तीन-चार गाठी त्याच दोऱ्याला लागलेल्या आहेत.

तुझ्या झाइर्यू कार्डावर, म्हणजे रहिवासाच्या ओळखपत्रावर, नाव फक्त रोमन लिपीत आहे. बँक, मोबाइल कंपनी, विमा, पगार हे सगळं मात्र काताकाना लिपीतल्या नावावर चालतं, आणि ते काताकाना कोणी ठरवून देत नाही. जो कारकून समोर असेल तो ऐकून किंवा वाचून लिहितो. जपानीत ळ नाही, ल आणि र वेगळे नाहीत. त्यामुळे ‘काळे’चं सरळ रूप ‘कारे’ होतं. (रोज कोणीतरी ‘का रे?’ विचारतंय असं वाटेल, त्याला इलाज नाही.) त्यातला शेवटचा स्वर लांबवला की तोच शब्द ‘करी’ होतो, म्हणजे भातावर ओततात ती. आणि कारकुनाने कार्डावरचं स्पेलिंग इंग्रजी समजून वाचलं तर ‘केएरु’ होतं, म्हणजे केल नावाची पालेभाजी. आता कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, एक रूप लिहिलं गेलं असेल, विद्यापीठाच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेच्या अर्जावर तू तिसरं लिहिलं असशील, तर संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका आहेत.

तेव्हा आधी कुयाकुशोत जाऊन पत्ता नोंदवताना आपलं नाव काताकानात काय लिहिलं गेलंय ते बघून घे. चूक असेल तर पहिली दुरुस्ती तिथेच करायची. ठरलेलं रूप कागदावर ठळक लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेव आणि यापुढे प्रत्येक ठिकाणी बघून बघून तेच उतरव. लांब स्वराची आडवी रेघसुद्धा इकडची तिकडे होता कामा नये.

मराठी माणसाची आणखी एक अडचण म्हणजे वडिलांचं नाव. पासपोर्टात ते तुझ्या नावाला जोडून आलं असेल, तर कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीन तुकडे आहेत. जपानी अर्जात रकाने दोनच असतात : सेई म्हणजे आडनाव आणि मेई म्हणजे नाव. वडिलांचं नाव ‘मेई’च्या रकान्यात तुझ्या नावाला चिकटवून टाक आणि सगळीकडे तसंच ठेव. एका ठिकाणी गाळलं आणि दुसरीकडे लिहिलं की शिष्यवृत्तीची रक्कम नाव जुळत नाही म्हणून परत जाते. ऑनलाइन अर्ज सगळं बरोबर भरूनही लाल अक्षरात चूक दाखवत असेल, तर बहुतेक वेळा अक्षरं अर्ध्या रुंदीची पडलेली असतात. ‘झेनकाकु’ म्हणजे पूर्ण रुंदीचं काताकाना आणि ‘हानकाकु’ म्हणजे अर्ध्या रुंदीचं. कुठलं हवं ते रकान्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता बँक आणि मोबाइल. खातं नाही म्हणून फोन नाही आणि फोन नाही म्हणून खातं नाही, हा फेरा फोनच्या बाजूने तोड. बँक खात्याऐवजी क्रेडिट कार्डावर किंवा कोंबिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) रोख बिल भरू देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडून सिम घे. सिम नुसत्या डेटाचं नको, आवाजाचं हवं, म्हणजे ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होणारा नंबर मिळतो. डेटा सिमचा नंबर बँक धरत नाही. भारतातलं कार्ड चालेना तर विद्यापीठाच्या सहकारी भांडारात, सेईक्योत, विचार. बऱ्याच विद्यापीठांत तिथे सिमचं काम होतं.

खात्यासाठी मोठ्या बँकांच्या दारात उभी राहू नकोस. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरी नसलेला परदेशी माणूस पहिले सहा महिने ‘अनिवासी’ धरला जातो, आणि बऱ्याच बँका तेवढ्यावरूनच नाही म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांची नेहमीची वाट म्हणजे पोस्टाची बँक, युचो गिन्को. झाइर्यू कार्ड (मागे पत्ता छापलेलं), विद्यार्थी ओळखपत्र, फोन नंबर आणि ते ठरलेलं काताकाना घेऊन जा. शिक्का लागतो का ते आधी विचार, बहुतेक ठिकाणी सही चालते.

एवढं करूनही लोक एका जागी फसतात : टपालपेटी. एटीएम कार्ड नोंदणी टपालाने घरी येतं. इमारतीखालच्या पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेऊ शकतो, आणि कार्ड परत गेलं की बँकेतलं काम पुन्हा पहिल्यापासून. पेटीवर रोमन आणि काताकाना दोन्हींत आडनाव लिहून आजच चिकटव. पोस्टमन आला तेव्हा तू घरी नसलीस तर तो चिठ्ठी टाकून जातो. तिच्यावरचा क्यूआर स्कॅन करून पुन्हा आणायची वेळ निवडता येते. पोस्ट वस्तू सात दिवस ठेवतं, मग परत पाठवतं.

पेन्शनच्या पाकिटाला घाबरू नकोस, पण ते कपाटातही टाकू नकोस. जपानात राहणाऱ्या वीस ते एकोणसाठ वर्षांच्या प्रत्येकाला राष्ट्रीय पेन्शन लागू होते, परदेशी विद्यार्थीही त्यात आले. विद्यार्थ्यांसाठी ‘गाकुसेई नोफु तोकुरेई’ नावाची सवलत आहे : हप्ता आत्ता भरायचा नाही. पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. विद्यार्थी ओळखपत्र आणि ते पाकीट घेऊन कुयाकुशोतल्या नेन्किनच्या (पेन्शनच्या) खिडकीवर जा, एका पानाचा अर्ज आहे. सवलतीचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे आत्ता मंजूर झालं तरी एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करायचा. सवलत घेतलेल्याला अपघातात कायमचं अपंगत्व आलं तर अपंगत्व पेन्शनचा हक्क राहतो. नुसतं न भरणाऱ्याला तो राहत नाही.

त्याच फेरीत आरोग्यविम्याच्या खिडकीवरही जा. गेल्या वर्षी जपानात उत्पन्न नव्हतं, हे त्यांना लिहून द्यावं लागतं. दिलं की हप्ता बराच खाली येतो. नाही दिलं तर त्यांना तुझं उत्पन्न माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्याला सूट मिळत नाही. विमा असला की दवाखान्यात ३० टक्के तुझे, दातांच्या कामातसुद्धा. छापील विमा कार्ड २ डिसेंबर २०२४ पासून नव्याने निघत नाही. त्याऐवजी ‘शिकाकु काकुनिनशो’ नावाचा विमा असल्याचा कागद मिळतो किंवा माय नंबर कार्ड (सरकारी ओळख क्रमांकाचं) चालतं. सर्दी-तापाला थेट मोठ्या इस्पितळात जाऊ नकोस. क्लिनिकच्या चिठ्ठीशिवाय गेलीस तर मोठी इस्पितळं पहिल्या भेटीला ७,००० येन किंवा जास्त वरचे घेतात, आणि त्यावर विमा नाही. गल्लीतला क्लिनिक आधी.

आता त्या दादाचा सल्ला. तो ऐकू नकोस. या पत्रातलं हे एकच ‘नको’ असं आहे ज्यात मधला मार्ग नाही.

विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते. तुझ्या कार्डाच्या मागे तिचा शिक्का आहे का बघ. विमानतळावर घेतली नसेल तर इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करता येतो, पण शिक्का पडेपर्यंत एक तासही काम करायचं नाही. मर्यादा आठवड्याला २८ तास, सगळ्या कामांचे मिळून. हा आठवडा सोमवार ते रविवार असा ठरलेला नाही, इथेच भलेभले चुकतात. कुठल्याही दिवसापासून मोजलेले सात दिवस २८ च्या आत हवेत. समज, या आठवड्यात फक्त शुक्रवार ते रविवार मिळून २० तास केलेस आणि पुढच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार १२. कॅलेंडरवर दोन्ही आठवडे नियमात दिसतात, पण शुक्रवारपासून सात दिवस मोजले की ३२ होतात. विद्यापीठाने जाहीर केलेल्या मोठ्या सुट्टीत, म्हणजे तुझ्याकडे बहुधा फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर, दिवसाला ८ तासांपर्यंत काम चालतं. पण तू सुट्टी घेतलीस म्हणून ती ‘मोठी सुट्टी’ होत नाही.

‘कोणी मोजत नाही’ हे रोजच्या रोज खरं असेलही. मोजतात ते व्हिसा वाढवताना. तेव्हा इमिग्रेशन पालिकेचे कर-दाखले मागू शकतं आणि वर्षाचं सगळं उत्पन्न एका कागदावर समोर येतं. त्या उत्पन्नाला तासाच्या दराने भागायला कारकुनाला अर्धं मिनिट पुरतं. मियागी, म्हणजे सेंदाईच्या प्रांताचा, मजुरीचा किमान दर तासाला ऑक्टोबर २०२५ मध्ये १,०३८ येन झाला. त्या दराने २८ तास म्हणजे आठवड्याला २९ हजार येन. याहून कितीतरी जास्त दिसलं तर उत्तर तुला द्यावं लागतं, आणि व्हिसा नाकारला तर डिग्री अर्धवट राहते. दादाचं काम तुझ्या नावावर केलंस, तर त्याचे तास आणि त्याचा पगारही तुझ्याच खात्यावर चढतात. त्याला स्वच्छ सांग, ‘दादा, मला जमणार नाही’. त्याहून जास्त कारण द्यायची गरज नाही.

एन-५ वर मिळणारी कामं बहुधा बेंतोचा (डब्यातल्या तयार जेवणाचा) कारखाना, हॉटेलच्या खोल्या आवरणं, पार्सल छाटणं, भांडी धुणं ही. कोंबिनीत गल्ल्यावर उभं राहायला बोलता यायला हवं, तो विचार सहा महिन्यांनी कर. रात्री १० ते पहाटे ५ पर्यंत दर सव्वापट असतो म्हणून मोह होतो. सकाळी नऊला लॅब असेल तर मोह आवर. सगळ्यात चांगलं काम तुझ्याच इमारतीत आहे : टीए. आपल्याच विद्यापीठाशी करार करून केलेलं शिकवण्या-संशोधनातलं सहायकाचं काम या परवानगीच्या बाहेर असतं, म्हणून त्याचे तास २८ मध्ये धरत नाहीत. पैसे थोडे, पण सेन्सेईंशी (प्राध्यापकांशी) बोलायला निमित्त मिळतं. आणि पुण्यातल्या कंपनीचं काम खोलीत बसून लॅपटॉपवर केलंस, पगार रुपयांत आला, तरी ते जपानात केलेलंच काम. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात विचारल्याशिवाय तसलं काही घेऊ नकोस.

जेवणावर जरा सविस्तर लिहितो, कारण भात-दही-केळ्यांवर सेंदाईचा हिवाळा निघणार नाही.

जपानात ‘भाज्यांचं’ म्हणजे शाकाहारी नव्हे. दाशी नावाचा जो रस सगळ्याच्या तळाशी असतो, तो बहुतेकदा कात्सुओ माशाच्या सुकवलेल्या कापांचा असतो. मिसो सूप, सोबा नूडल्सचं पाणी, शिजवलेला भोपळा, इनारीचं गोडसर टोफू, सगळ्यांत तो असतो. ‘मांस नको’ म्हटलंस की मांस काढतात, दाशी राहते, आणि त्यांच्या दृष्टीने त्यांनी तुझं ऐकलेलंच असतं. म्हणून वाक्य असं म्हण : ‘निकु तो साकाना, दाशी मो ताबेरारेमासेन’, मांस आणि मासे, दाशीसुद्धा खाऊ शकत नाही. बाहेर तरीही पर्याय थोडेच राहतील. घरचा स्वयंपाक हाच खरा आधार.

दुकानात पाकिटाच्या मागे ‘गेन्झाइर्योमेई’ या मथळ्याखाली घटक असतात. फोनच्या भाषांतरावर पूर्ण विसंबू नकोस, बारीक चिकटलेली अक्षरं ते गाळतं. बुता (डुक्कर), ग्यू (गाय), तोरी (कोंबडी), साकाना (मासा) या चार कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं) आणि कात्सुओ, झेराचिन (जिलेटिन), राआदो (डुकराची चरबी), एकिसु (अर्क) हे काना लिपीतले चार शब्द डोळ्यांनी ओळखायला शीक. एका संध्याकाळचं काम आहे. कायद्याने काही ठराविक अॅलर्जीकारक पदार्थ सांगावेच लागतात, त्यांत अंडं आणि दूध आहे, पण गाय-डुक्कर-मासा नाहीत. तेव्हा ‘अॅलर्जीच्या चौकटीत काही नाही’ म्हणजे शाकाहारी, असं समजू नकोस. ठरलेल्या फसव्या जागा : बाजारातल्या करीच्या वड्यांत बहुधा गाय-डुकराची चरबी, कॉन्सोमे चवीच्या वेफर्समध्ये कोंबडीचा किंवा गाईचा अर्क, नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) डब्यातल्या छोट्या सॉसच्या पुडीत कात्सुओ (सोयाबीन चालेल, पुडी फेक), आणि मिसोच्या डब्यावर ‘दाशी-इरी’ (दाशी घातलेलं) लिहिलं असेल तर तो ठेवून बिनदाशीचा घे. बिनधास्त घ्यावं असं : टोफू, एदामामे (हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), पालक, रताळी, शिइताके अळिंबी, साधं दही. आणि सेंदाईची झुंदा, हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण. पुरणपोळीची आठवण काढून डोळे पुसायची वेळ आली तर झुंदामोची खाऊन बघ, चव निराळी आहे पण नातं लागतं.

आता शेगडी. तुझ्या खोलीत एकच आयएच (इंडक्शन शेगडी) असेल असं धरतो, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत तेच जास्त. आयएचवर अॅल्युमिनियमचा कुकर गरमच होत नाही. आईला सांगायचं असेल तर हे सांग : स्टीलचा, इंडक्शन बुडाचा, तीन लिटरचा कुकर आणि दोन जादा रबरी रिंगा, त्या रिंगा इथे मिळणार नाहीत. भांडं चालेल का ते बघायला बुडाला लोहचुंबक लाव. घट्ट चिकटला की चालेल. फोडणीची पळी मात्र चिकटली तरी चालत नाही, कारण बूड लहान असलं की शेगडीला भांडं ठेवलंय हे कळतच नाही आणि ती टुंईटुंई करून बंद पडते. सपाट बुडाचं १६ सेंटिमीटरचं पातेलं घे, त्यातच फोडणी कर आणि शिजलेलं वरण त्यावर ओत. आच मध्यम ठेव. आयएचवर थोडं तेल गॅसपेक्षा फार लवकर तापतं, मोहरी तडतडायच्या आत जिरं काळं पडतं आणि त्यापुढे तेल पेट घेऊ शकतं.

कुकर येईपर्यंत तूरडाळीच्या वाटेला जाऊ नकोस. मसूर किंवा मूगडाळ अर्धा तास भिजवून उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते. राइस कुकरमध्ये डाळ लावू नकोस, फेस वर येऊन वाफेचं भोक बुजतं. त्यात भात लावताना कप त्याच्याच सोबत आलेला वापर : तो १८० मिलिलिटरचा असतो, एक ‘गो’, साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ, आणि आतल्या रेघा त्याच मापाच्या आहेत. घरचा मिक्सर मात्र मागवू नकोस. जपानात वीज १०० व्होल्टची आहे, २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. खोबरं-मिरची वाटण्यापुरता छोटा ग्राइंडर इथेच घे. लॅपटॉप-फोनच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, ते चालतात. आयएच, हीटर आणि राइस कुकर एकाच वेळी लावलेस तर दरवाज्यावरचा ब्रेकर पडेल. बिघडलं काही नाही, एक बंद करून खटका वर कर.

तूरडाळ, कणीक, हिंग, मोहरी हलाल किंवा नेपाळी-भारतीय दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. जपानी दुकानातलं ‘झेनर्युफुन’ गव्हाचंच असतं, पण बहुतेक ब्रेडसाठी दळलेलं, पोळी लाटताना कडा फाटतात. ‘आटा’ लिहिलेलंच घे.

म्हणूनच आईला पार्सलमध्ये डाळ-तांदूळ घालू देऊ नकोस. कच्चं धान्य, कडधान्य, बिया, ताजी फळं, कढीपत्ता या सगळ्याला जपानात वनस्पती तपासणी लागते आणि भारतातून काढलेलं फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. घरगुती पार्सलला ते नसतंच, मग माल अडकतो किंवा नष्ट करतात. मांसाचं काहीही नको. भाजून दळलेलं, तळलेलं, शिजवून सुकवलेलं पाठवायला सांग : गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी. पाकिटबंद असेल तर उत्तम. यादी इंग्रजीत, एकेक वस्तू, वजन आणि किंमत लिहून. नुसतं ‘मसाला’ लिहिलं की पेटी उघडली जाते. एकूण किंमत १०,००० येनच्या आत असेल तर सहसा जकात लागत नाही.

औषधांचं तर आईला दोनदा सांग. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानात ती आणायला बंदी आहे. कोडीनचं खोकल्याचं औषधही पाठवू नये. डॉक्टरने लिहून दिलेली नेहमीची औषधं एक महिन्याची, साधी दुकानातली दोन महिन्यांची, याहून जास्त हवीत तर आधी ‘युन्यू काकुनिनशो’ (औषध आणायचं मंजुरीपत्र) काढावं लागतं. लग्नाहून परतताना बॅग भरतानाही हेच लक्षात ठेव.

कचऱ्याची चिठ्ठी म्हणजे तुझ्यावर राग नव्हे, त्या पिशवीत चूक काय ते लिहिलेलं असतं. सेंदाईत घरचा कचरा शहराच्या ठरलेल्या हिरव्या पिशवीत आणि प्लॅस्टिक लाल पिशवीत, दुकानाच्या पांढऱ्या पिशवीत टाकलेलं उचलत नाहीत. पेट बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून प्लॅस्टिकमध्ये, बाटली धुऊन बाटल्यांच्या दिवशी. दुधाचा खोका धुवून, उभा कापून, वाळवून सुपरमार्केटच्या पेटीत टाकता येतो. तळणीचं तेल बेसिनमध्ये कधीच नाही : जुन्या वर्तमानपत्रात शोषून हिरव्या पिशवीत टाक. पिशवी आदल्या रात्री ठेवू नकोस, कावळे फोडतात आणि मग मात्र शेजारी खरोखर चिडतात. ती चिठ्ठीवाली पिशवी घरात आणून नीट वेगळी करून पुढच्या वारी ठेव. शेजारीण भेटली तर ‘सुमिमासेन’ (माफ करा) पुरे.

हे सगळं एकटीने करायचं असं तुला कोणी सांगितलं? नव्या परदेशी विद्यार्थ्यांना बऱ्याच विद्यापीठांत ट्यूटर नेमून देतात, वरच्या वर्गातला कोणी. पत्रात तू त्याचा उल्लेखच केलेला नाहीस, म्हणजे एकतर तो मागितला नाहीस किंवा त्रास नको म्हणून त्याला बोलावत नाहीस. या कामाचे त्याला विद्यापीठाकडून तासाप्रमाणे पैसे मिळतात. बँकेत, कुयाकुशोत, मोबाइलच्या दुकानात त्याला घेऊन जाणं हा उपकार नाही. ट्यूटर नेमलेला नसेल तर सेन्सेईंना किंवा विभागाच्या कार्यालयाला इ-मेल कर, आणि त्यात ‘मदत हवी आहे’ इतकंच न लिहिता ‘बुधवारी दुपारी दोन तास, युचोत खातं उघडायला’ असं लिही. मोघम विनंतीला जपानात मोघम उत्तर येतं. ‘मुझुकाशी देसु ने’, अवघड आहे हो, असं कोणी म्हणालं तर ते ‘बघू’ नाही, ते ‘नाही’ आहे. वाट बघत बसू नकोस.

राहिलं लग्न. सेन्सेईंना तारखा आत्ताच कळव, तिकीट काढल्यावर नको. लॅबच्या सभा आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असू शकतात. विमानतळावर निघताना पुनःप्रवेशाचं कार्ड भरावं लागतं, त्यात ‘परत येणार’ या चौकटीत खूण करायची विसरू नकोस. ती खूण असली आणि एका वर्षाच्या आत (व्हिसाची मुदत संपायच्या आधी) परतलीस तर नवा व्हिसा लागत नाही. खूण राहिली तर व्हिसा तिथल्या तिथे संपतो आणि तुला मुंबईत पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. झाइर्यू कार्ड पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत ठेव. ते काउंटरवर दाखवायचं असतं, आणि परतताना त्याशिवाय विमानात बसता येत नाही.